टाकीतल्या माशाची भूक

आपल्या ताब्यातल्या प्राण्याला पुरेसं अन्नपाणी न देणं हा आपल्या देशात गुन्हा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात तसं स्वच्छ लिहिलं आहे, आणि त्याच कायद्याने ‘प्राणी’ या शब्दात माणूस सोडून सगळे सजीव प्राणी घेतले आहेत. गाय, कुत्रा, पोपट येतो तसा मासाही त्यात येतो. पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये. एवढ्या रकमेचा कुणाला धाक वाटणार नाही. तरी तत्त्व पक्कं आहे : ज्याने जीव घरी आणला, त्याने त्याच्या पोटाची सोय केलीच पाहिजे. खाऱ्या पाण्यातले काही सुंदर मासे असे आहेत की त्यांच्या पोटाची सोय पुण्यातल्या घरात होऊच शकत नाही. ते विकले मात्र जातात, आणि हौसेने घेतलेही जातात.

पुणेकरांची माशांची हौस जुनी आहे. संभाजी उद्यानातलं मत्स्यालय बघून आलेल्या पोरांनी घरी टाकीचा हट्ट धरायचा, मग गप्पी, मॉली, गोल्डफिश, एंजल यायचे. हे मासे गोड्या पाण्यातले, पिढ्यान्‌पिढ्या हौदात आणि तळ्यांत माणसाच्या हाताखाली वाढलेले. चिमूटभर दाणे टाकले की वर धावत येतात. आता कोथरूड, बाणेर, खराडीतल्या फ्लॅटांमधून मरीन टाक्याही दिसतात. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवरच्या शहरात दिवाणखान्यात समुद्र करायचा म्हणजे मोठा खटाटोप. आरओचं पाणी, त्यात लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे ३०० लिटरच्या टाकीला १० किलोच्या वर. शिवाय पाण्यातली घाण काढणारा स्किमर, खास लाइट, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पाणी २६-२७ अंशांवर धरून ठेवणारा चिलर, आणि वीज गेली तर इन्व्हर्टर. हौशी माणसं हे सगळं निगुतीने करतात. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजायला शिकतात, मासे आणण्याआधी टाकी महिना-दीड महिना नुसती चालवून ‘सायकल’ पूर्ण करतात. आणि तरीही काही ठरावीक मासे त्यांच्या हातून मरतात, कारण पाण्याची तयारी झालेली असते, जेवणाची झालेली नसते.

मासा उपाशी मरतोय हे चटकन कळत नाही. कुत्रं उपाशी असेल तर ते ओरडतं, दाराशी येतं. माशाला आवाज नाही आणि चेहऱ्यावर भावही दिसत नाहीत. त्यातून तो थंड रक्ताचा. शरीर ऊबदार ठेवायला त्याला ऊर्जा खर्च करावी लागत नाही, म्हणून तो अन्नावाचून आठवडेच्या आठवडे काढतो. आधी यकृतातला साठा संपतो, मग चरबी, आणि शेवटी शरीर स्वतःचेच स्नायू खायला लागतं. या सगळ्या काळात मासा पोहत असतो, रंगही बरेचदा टिकून असतो, म्हणून मालकाला वाटतं, रुळतोय. मग प्रतिकारशक्ती ढासळते, अंगावर पांढरे ठिपके येतात, आणि मासा गेला की दोष जातो ठिपक्यांवर नाहीतर पाण्यावर. खरं कारण बघायचं तर मासा समोरून आणि वरून बघावा लागतो. डोक्याच्या लगेच मागे, पाठीच्या दोन्ही अंगांना मांस असतं. ते आत गेलेलं दिसलं आणि पोटाची रेषा सरळ राहण्याऐवजी आत वळलेली दिसली, तर तो मासा बऱ्याच दिवसांचा उपाशी आहे. बाजूने बघताना हे सहज निसटतं, आणि टाकीतला मासा आपण नेहमी बाजूनेच बघतो.

ही उपासमार दुकानात सुरू होते असंही नाही. ती समुद्रातच सुरू होते. मासा पिशवीत घालून पाठवण्याआधी त्याला एक ते तीन दिवस उपाशी ठेवतात, कारण पोटात अन्न असेल तर प्रवासात तो घाण करतो आणि बंद पिशवीतल्या पाण्यात अमोनिया चढून मरतो. ही पद्धत समजण्यासारखी आहे. पण पकडणारा, निर्यातदार, आयातदार, घाऊक व्यापारी, दुकानदार अशा प्रत्येक टप्प्यावर पुन्हा पिशवी, पुन्हा थर्मोकोलची पेटी आणि पुन्हा उपास. जो मासा काहीही खातो तो मधल्या मुक्कामांत भरपाई करून घेतो. जो निवडक खातो त्याची भरपाई कुठेच होत नाही. शिवाय प्रवाळांतले मासे पकडायला सायनाइड फवारण्याची वाईट प्रथा फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून आणि पुढे इंडोनेशियातही चालत आली आहे. त्यातून वाचलेला मासा बाहेरून धडधाकट दिसला तरी आतून खचलेला असू शकतो.

मँडरीनचंच घ्या. बोटाएवढा मासा, निळ्या अंगावर नारिंगी वळ्यावळ्यांची नक्षी, तळाशी पंखांवर चालल्यासारखा फिरणारा. दुकानात हा दिसला की माणूस थांबतोच. आता पाच मिनिटं बाकी काही न बघता त्याचं तोंड बघा. अंगणातली कोंबडी दाणे टिपत फिरते तसा तो दगडावरून टिपत जातो : थांबतो, डोळे फिरवतो, एक टिपतो, पुढे सरकतो. तो टिपतो ते कोपेपॉड, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे कवचधारी जीव. दिवसभर तो हेच करतो. त्याचं आतडं थोडं थोडं सतत खाण्यासाठी बनलेलं आहे, सकाळ-संध्याकाळच्या दोन जेवणांसाठी नाही. वरून पेलेट पडलं तर ते त्याच्या लेखी अन्नच नसतं, आणि असलं तरी चपळ क्लाउनफिश ते त्याच्या आधी पटकावतात. रात्री लाइट बंद करून टॉर्चच्या उजेडात टाकीची काच बघितली तर हे कोपेपॉड पांढऱ्या कणांसारखे सरकताना दिसतात. जुन्या, मुरलेल्या टाकीत ते भरपूर असतात. नवी टाकी मँडरीन काही आठवड्यांत साफ करतो, आणि त्यानंतर त्याच्यासाठी तिथे काही उरत नाही. अनुभवी लोक सांगतात की एका मँडरीनला निदान ३०० लिटरची, सूक्ष्म जीव वसलेल्या ‘जिवंत’ दगडांनी भरलेली, वर्षभर चाललेली टाकी हवी, आणि जोडीला शेवाळाचा वेगळा कप्पा, जिथे कोपेपॉड माशाच्या तोंडापासून दूर वाढत राहतील. हे ज्याच्याकडे आहे त्याने मँडरीन ठेवला तर माझी हरकत नाही. टेबलावरच्या ६० लिटरच्या टाकीसाठी तो विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला मात्र मी दोष देईन.

‘आर्टेमिया देऊ की’ असं उत्तर यावर हमखास येतं. आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जिवाची अंडी डबाबंद मिळतात. उलट्या धरलेल्या बाटलीत मिठाचं पाणी, खालून हवेचा पाइप, २८ अंशांच्या आसपास तापमान, की दिवसभरात नारिंगी पिल्लांचा ढग तयार. सोय उत्तम आहे. पण ही पिल्लं जन्मतात तेव्हा त्यांच्या पोटात जो बलक असतो, त्यातच सगळं पोषण. काही तासांत ते स्वतःच वापरून टाकतात. मोठा आर्टेमिया तर बव्हंशी पाणीच. त्याला आधी पोषक तेलं किंवा शेवाळ खाऊ घातलं नाही, तर मासा पोट भरून खातो आणि तरी खंगतो. जिवंत अन्न दिलं एवढ्याने कर्तव्य संपत नाही.

प्रवाळावर जगणाऱ्या फुलपाखरू माशांची गोष्ट याहून अवघड आहे. या कुळातल्या काही जाती दगडातले किडे, कोळंबीचे तुकडे खायला शिकतात. लांब चोचीच्या कॉपरबँडला काही जण गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून आणलेल्या तिसऱ्या अर्ध्या उघडून देतात, आणि तो नशिबाने त्यात तोंड घालतो. पण लक्षद्वीपच्या प्रवाळांत दिसणारा पिवळा-जांभळट, बारीक रेघांचा ‘मेलन’ फुलपाखरू मासा जवळजवळ फक्त जिवंत प्रवाळाचे पॉलिप खातो. समुद्राचं पाणी तापून प्रवाळ पांढरं पडलं, मेलं, की अशा माशांची संख्याही मागोमाग घटते. सगळा समुद्र आजूबाजूला असताना ज्याला दुसरं अन्न चालत नाही, तो आपल्या काचेच्या पेटीत मायसिससारख्या गोठवलेल्या बारीक कोळंबीवर का जगेल?

इथे कायद्याचाही एक विचित्र पेच आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ मध्ये खडक बांधणारी प्रवाळं, समुद्रपंखे, समुद्रकाकड्या आणि समुद्रघोड्यांचं सगळं कुळ अनुसूचीत घातलं गेलं. तारकर्लीला स्नॉर्केलिंगला गेलेल्या पुणेकराने सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यातून प्रवाळाचा तुकडा खिशात घालून आणला, तर तो गुन्हा, आणि तो असायलाच हवा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून त्यासाठीच आहे. पण जो मासा प्रवाळाशिवाय जगत नाही तो या यादीत नाही. म्हणजे त्याला विकत घेता येतं, आणि त्याचं अन्न आपल्या समुद्रातून आणता येत नाही. त्याला प्रामाणिकपणे खाऊ घालायचा मार्गच बंद असताना त्याची विक्री चालू ठेवण्यात कोणतं शहाणपण आहे, हे मला कळत नाही. समुद्रघोडा यादीत असल्याने त्याच्या बाबतीत तरी हा प्रश्न सुटलेला आहे. त्याला जठर नसतं, अन्न शरीरातून भराभर पुढे जातं, म्हणून त्याला दिवसभर खात राहावं लागतं. समुद्रातून पकडलेला समुद्रघोडा कुणी विकायला दाखवला, तर ते दुकान सोडून बाहेर पडावं आणि वनखात्याला कळवावं.

आणखी एक मासा मला जास्त अस्वस्थ करतो : क्लीनर रास. निळसर, काळ्या पट्ट्याचा, करंगळीएवढा. ‘टाकीतल्या माशांचे जंतू खातो’ असं सांगून तो विकतात. समुद्रात हे खरंच आहे. प्रवाळात त्याचा ठरलेला ठिय्या असतो, मोठे मासे तिथे येऊन तोंड उघडून उभे राहतात आणि हा त्यांच्या कल्ल्यांत शिरून परजीवी टिपतो. ऑस्ट्रेलियाच्या लिझार्ड बेटावर ॲलेक्झांड्रा ग्रुटर यांनी मोजलं, तेव्हा एक क्लीनर दिवसाला सरासरी १२०० परजीवी खातो असं आढळलं. आता घरच्या टाकीतले चार मासे त्याला रोज १२०० परजीवी कुठून देणार? दिले, तर ते चारही मासे मरायला टेकलेले असतील. त्याच बेटाजवळच्या काही छोट्या प्रवाळखडकांवरून हे क्लीनर सतत साडेआठ वर्षं काढून टाकण्याचा प्रयोग झाला. तिथल्या कायमच्या रहिवासी माशांची संख्या एकतृतीयांशाहून जास्त घटली, जातीही कमी झाल्या. म्हणजे हा एक मासा पकडला की समुद्रातल्या कित्येक माशांचा वैद्य जातो, आणि इकडे तो स्वतः उपाशी मरतो. शिवाय २०१९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की अंगावरचा रंगाचा ठिपका आरशात दिसल्यावर हा मासा तो खरवडून काढायचा प्रयत्न करतो. त्याचा अर्थ काय लावायचा यावर वाद आहे. तरी ‘माशाला काय कळतं’ हे वाक्य सहज बोलण्याचे दिवस गेले, एवढं म्हणता येतं.

वेदनेचंही तसंच. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत वेदनेची जाणीव करून देणारे चेतातंतू दाखवले. ओठांत मधमाशीचं विष किंवा ॲसेटिक ॲसिड टोचल्यावर ते मासे डोलत राहिले, आणि इतर माशांपेक्षा कितीतरी जास्त वेळ त्यांनी अन्नाला तोंड लावलं नाही. भुकेने जे होतं ते माशाला नेमकं कसं जाणवतं हे त्यातून ठरत नाही, पण संशयाचा फायदा द्यायचा तर तो माशाला दिला पाहिजे, आपल्या हौसेला नाही.

यावर एक प्रश्न आपल्याकडे हटकून येतो : बांगडा तळून खाणाऱ्यांनी टाकीतल्या माशाचा कळवळा कशाला दाखवायचा? प्रश्न टाळण्यासारखा नाही. मी मासे खातो, आणि खाण्यासाठी मासा मारण्याबद्दल ज्याचे त्याचे विचार असू शकतात. पण टाकीत ठेवलेल्या माशाशी आपलं नातं वेगळं असतं. त्याला मारायला आणलेलं नसतं, सांभाळायला आणलेलं असतं. सांभाळायला आणलेल्या जिवाला दीड महिना हळूहळू उपाशी मारण्याचं समर्थन मासेमारीतून निघत नाही. दुसरा युक्तिवाद दयेचा : ‘दुकानात मरणारच होता, मी वाचवायला आणला.’ भावना खरी असते, पण व्यापाराला भावना कळत नाही, विक्री कळते. टाकीतली जागा रिकामी झाली की पुढच्या खेपेला तिथे तोच मासा येतो. तिसरा युक्तिवाद मला सर्वांत वजनदार वाटतो : प्रयत्नच केले नाहीत तर शिकणार कसं? अमेरिकेतल्या एका हौशी माणसाने प्रवाळ खाणाऱ्या फाइलफिशला दुसरं अन्न खायला शिकवून घरी त्याची पैदास केली होती. असे लोक या छंदाची शान आहेत. पण त्यांनी आधी अन्न उभं केलं, नोंदी ठेवल्या, मग मासा आणला. शनिवारी दुपारी दुकानात जाऊन रंग आवडला म्हणून मासा घेणं हा प्रयोग नव्हे.

हिशेबही बघायला हवा. २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या जागतिक संवर्धन केंद्राने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, त्या काळात जगभरात वर्षाला दोन कोटी ते दोन कोटी चाळीस लाख सागरी शोभिवंत मासे विकले जात होते. बहुतेक सगळे समुद्रातून पकडलेले. टाकीत नीट जगत नसूनही मोठ्या संख्येने विकले जाणारे मासे म्हणून त्या अहवालाने ज्यांची नावं घेतली, ते होते क्लीनर रास आणि मँडरीन. आपल्याकडे संशोधक राजीव राघवन, तेव्हा पुण्याच्या आयसरमध्ये असलेले नीलेश डहाणूकर आणि इतरांनी २०१३ मध्ये दाखवलं की २००५ ते २०१२ या काळात धोक्यात असलेल्या ३० जातींचे १५ लाखांहून जास्त गोड्या पाण्यातले मासे हौसेच्या बाजारासाठी भारताबाहेर गेले. ते आकडे निर्यातीच्या कागदांवरून तरी निघाले. देशातल्या देशात दुकानातून घरी गेलेला मासा किती दिवस जगला, याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

सरकारने एकदा हात घातला होता. मे २०१७ मध्ये केंद्राने मत्स्यालयांच्या दुकानांसाठी नियम काढले आणि १५८ जातींचे मासे ठेवण्या-विकण्यावर बंदी घातली. व्यापाऱ्यांनी ओरड केली, पुढे ते नियम मागे घेतले गेले. माझ्या मते ती यादीच चुकीच्या पायावर होती. तिच्यात क्लाउनफिशही होता, जो आज हॅचरीत जन्मतो आणि लहानपणापासून दाणे खातो. बंदी घालायची तर कसोटी एकच हवी होती : हा मासा घरात मिळू शकणाऱ्या अन्नावर वर्षानुवर्षं जगतो का? त्या कसोटीवर दोन-तीन डझन जातींची छोटी यादी झाली असती, आणि ती कुणाला नाकारता आली नसती.

चांगलं काही घडत नाही असं मात्र नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठानने लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या साहाय्याने क्लाउनफिशची पैदास उभी केली आहे. याच ब्यूरोने लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर स्थानिक स्त्रियांना शोभिवंत सागरी जीव वाढवायला शिकवलं. परदेशात मँडरीनचीही पैदास होते, आणि टाकीत जन्मलेला मँडरीन पुष्कळदा फ्रोजन अन्न घेतो, काही वेळा पेलेटही. ही पिल्लं महाग पडतात आणि रंगाने सुरुवातीला फिकी दिसतात. तरी पैसे खर्च करायचेच असतील तर ते तिथे करावेत. शेवाळ खाणाऱ्या सर्जनफिशला सुपरमार्केटमधली सुशीची नोरी चिमट्याला लावून देता येते. त्याला टाकी मोठी लागते, पण त्याच्या अन्नाचा प्रश्न पुण्यात सुटतो. अशा माशांवर हौस भागवायला कुणाचीच हरकत नसावी.

तेव्हा मरीन मासा घ्यायला जाल तेव्हा किंमत विचारण्याआधी दुकानदाराला म्हणा, याला माझ्यासमोर खाऊ घाला. मासा खातो, चावतो, थुंकून टाकत नाही, हे डोळ्यांनी बघा. दोन दिवसांनी पुन्हा जाऊन बघा. काय खातो त्याचं नाव लिहून घ्या आणि ते अन्न पुण्यात बारा महिने मिळतं का ते तपासा. त्याचं पोट आणि डोक्यामागची पाठ वरून बघा. ‘घरी गेल्यावर खाईल, सवयीने लागेल’ असं उत्तर आलं, तर पैसे खिशातच ठेवा, आणि हा मासा पुन्हा मागवू नका, असं त्या दुकानदाराला सांगूनच बाहेर पडा.